‘हिशेबाची वही’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

कविता लिहायला सुरुवात कशी करावी, या माझ्या गेल्या आठवड्यातल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. एकदा रात्री मोबाईलवर, एकदा सकाळी चहा घेताना, आणि मग घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवली. वाचताना आवाज चढला, हे कबूल करते.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी नवशिक्यांना सुचवलं होतं की पहिले सहा महिने मुक्तछंदाच्या, म्हणजे अक्षरांचं-यमकाचं बंधन नसलेल्या कवितेच्या, वाटेला जाऊ नका. अभंग, अष्टाक्षरी, ओवी अशा बांधलेल्या छंदांत लिहा, बोटांवर अक्षरं मोजा. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘काकू, कविता म्हणजे पाककृती नव्हे. बोटांवर अक्षरं मोजून कविता होत नाही, फार तर हिशेबाची वही होते. केशवसुत-मर्ढेकरांनी तोडलेल्या बेड्या तुम्ही नव्या मुलांच्या पायात पुन्हा अडकवताय. आजच्या एकाही कवीचं नाव लेखात नाही. नवशिक्याने आधी भरपूर वाचावं, हेही तुम्ही सांगत नाही. आणि तुमच्या स्वतःच्या अष्टाक्षरीत नऊ अक्षरं आहेत.’

आधी शेवटचं. बरोबर आहे तुमचं. ‘पावसाळ्याच्या सरींमध्ये’ ही ओळ नऊ अक्षरांची आहे. ती ‘पावसाच्या सरींमध्ये, भिजे कौलांचे छप्पर’ अशी हवी होती, दोन्हीकडे आठ-आठ. टंकताना हात घसरला, तपासताना नजर चुकली. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि हे मनापासून.

आता ‘काकू’. आमच्या वाडीत मला काकू म्हणणारी निदान पंचवीस पोरं आहेत. ती हक्काने म्हणतात, कारण दहावीच्या निकालाच्या दिवशी ती माझ्या पडवीत येऊन बसलेली असतात. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, प्रतिक्रियेखाली तुमचं नावही नाही. अशा माणसाने वाक्याच्या सुरुवातीलाच ‘काकू’ म्हणायचं आणि लगेच पुढे पाककृती आणायची, यात बाईमाणसाला तिची जागा दाखवण्याचा जो सूर आहे, तो मला चांगला ओळखू येतो. छंदावर लिहिणारा पुरुष असता तर तुम्ही ‘सर’ म्हणून सुरुवात केली असतीत आणि मग मतभेद मांडले असतेत. मतभेदाला माझी ना नाही. बोलायची रीत असते.

आणि ‘हिशेबाची वही’. हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. मी मात्र त्यावर चार दिवस अडकले आहे, कारण माझी पहिली कविता खरोखरच हिशेबाच्या वहीत लिहिलेली आहे.

साल 1989. मी वीस वर्षांची होते आणि देवगड तालुक्यातल्या एका बागायतदाराकडे आंब्याच्या हंगामात हिशेब लिहायला जात होते. मार्च ते मे. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, एका बाजूला पेंढ्याचे ढीग, दुसऱ्या बाजूला लाकडी पेट्यांना खिळे ठोकणारे गडी, मधे मी आणि माझी लांब वही. तारीख, पेट्या, डझन, गाडीभाडं, हमाली, दलाली, आणि शेवटी शेरा. मुंबईच्या दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की ती वहीशी ताडून बघायची. पानांच्या कडांवर आंब्याच्या चिकाचे तपकिरी डाग असायचे. शेऱ्याचा रकाना बहुतेक रिकामाच राही. दुपारी गडी जेवायला गेले की मी त्या रकान्यात लिहायची. रकाना इतका अरुंद की ओळीत दोन-तीन शब्दच मावत. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या कविता त्या मापाच्या झाल्या.

पण त्या छंदात नव्हत्या. तुम्ही ज्याची बाजू घेताय त्या मुक्तछंदात होत्या, म्हणजे मी तसं समजत होते. पुढची सहा वर्षं मी तशाच लिहिल्या. दोन वह्या भरल्या. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी साभार परत पाठवताना एकच ओळ लिहिली होती, भावना पोचल्या, कविता पोचली नाही. तेव्हा राग आला. आज त्या वह्या उघडते तेव्हा दिसतं की प्रत्येक तिसऱ्या कवितेत ‘एकाकी’ आहे, प्रत्येक दुसरीत ‘क्षितिज’ आहे, आणि ओळ कुठे तुटावी याला माझ्या लहरीपलीकडे काही कारण नाही. अडवणारं कोणी नव्हतं, म्हणून पहिला सुचेल तो शब्द मी लिहीत गेले.

मला अडवलं माझ्या आजीने. तिला अक्षरओळख नव्हती. मी तिला एक कविता वाचून दाखवली, ती जात्यावर बसली होती. तिने खुंटा थांबवला आणि म्हणाली, ‘चेडवा, तुझां ह्यां गाणां जात्यार फिरणा नाय.’ मग तिने माझाच विषय घेऊन एक ओवी म्हटली. जात्यावरच्या ओवीत अक्षरं काटेकोर नसतात, बाई ती ओढून किंवा दाबून चालीत बसवते. पण साडेतीन चरणांचं ते वळण आणि यमकाची जागा सुटत नाही. जात्याचा फेरा जिथे भरला तिथे तिची ओळ भरली. सहा वर्षांत मला कोणी एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

तेव्हा हिशेबाची वही म्हणून हिणवायचं असेल तर जरूर हिणवा, पण आधी एवढं लक्षात घ्या की कविता कुठल्या कागदावर, कुठल्या कामाच्या मधल्या वेळात लिहिली जाते, यावरून तिची जात ठरत नाही. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळला घरची खानावळ सांभाळत होते, आणि आरती प्रभूंची कविता त्याच माणसाची आहे.

आता मोजण्याबद्दल, कारण तुम्हाला मोजणं म्हणजे बेरीज वाटते. मे महिन्यात आमच्याकडे घडलेलं सांगते. वाडीतली बारावीची एक मुलगी वही घेऊन आली. पहिली ओळ होती, ‘समुद्राकडे बघितलं की मला खूप एकटं एकटं वाटतं.’ भावना खरी, ओळ कुणाचीही. मी तिला मोठा अभंग समजावला: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचा. एका बोटाची तीन पेरं, दोन बोटं झाली की चरण भरला. जोडाक्षर एकच धरायचं. ‘च्या’ला ती दोन मोजत होती आणि दर वेळी सातावर जाऊन अडकत होती.

‘एकटी मी उभी’ बसलं, सहा अक्षरं. पण यमक जुळेना. ‘एकटेपणा हा’ करून पाहिलं, तेही पुढे सरकेना. पाऊण तास ती पडवीच्या कठड्यावर बसून अंगठा फिरवत होती. ‘एकटं’ हा शब्द कुठेच मावेना, तेव्हा तिने नाइलाजाने मान वर करून खाली पुळणीकडे, किनाऱ्यावरच्या वाळूकडे, पाहिलं. ओहोटी लागली होती. मग तिने लिहिलं:

ओहोटीच्या वेळी
उघडा किनारा
शोधतो निवारा
खेकडाही

या चार चरणांत ‘मी’ नाही, ‘एकटं’ नाही, आणि त्या ‘ही’मध्ये ती पोरगी अख्खी उभी आहे. शेवटचा चरण चारच अक्षरांचा असल्यामुळे तो ‘ही’ तिथे आला. मोकळ्या ओळीत तिने ‘माझ्यासारखाच खेकडासुद्धा’ लिहिलं असतं आणि सगळं सांगून टाकलं असतं. तुम्ही म्हणाल, हे तिच्या आतच होतं. होतं ना. पण ते बाहेर यायला पहिले तीन सोपे शब्द नाकारावे लागले, आणि ते तिच्या अंगठ्याने नाकारले. नवशिक्याकडे स्वतःचा शब्द नाकारायची ताकद नसते, कारण त्याला स्वतःचं सगळंच आवडतं. मलाही आवडायचं. मोजणं ते काम करतं. यापेक्षा जास्त मोठं काही मी मूळ लेखात म्हटलेलं नाही, तुम्हाला मात्र त्यात बेड्या दिसल्या.

बेड्यांवरून केशवसुत. मालगुंड रत्नागिरीजवळच आहे, तिथल्या त्यांच्या स्मारकात मी जाऊन आले आहे, तेव्हा ते आम्हाला परके नाहीत. त्यांनी मराठीत सुनीत आणलं. सुनीत म्हणजे चौदा ओळी. त्यांचं ‘आम्ही कोण?’ शार्दूलविक्रीडित वृत्तात आहे, ओळीला एकोणीस अक्षरं, त्यातलं प्रत्येक लघु की गुरु हे आधीच ठरलेलं. याला तुम्ही बेड्या तोडणं म्हणत असाल तर बेडी कशाला म्हणता ते मला कळत नाही. मर्ढेकरांचं नाव तर तुम्ही घ्यायलाच नको होतं. 1947 च्या ‘काही कविता’ काढून बघा. यंत्रयुगातल्या शहराची घुसमट त्या माणसाने अभंगात आणि ओवीत ओतली. आणि मुक्तछंद मराठीत ज्यांनी रुजवला त्या कवी अनिलांनीच पुढे दशपदी घडवली, नेमक्या दहा ओळींची. आमच्या देवगडातल्या धालवलीचे विंदा करंदीकर मुक्तछंदात जितके रमले तितकेच तालात रमले, आणि मुक्तसुनीत, म्हणजे मुक्तछंदातलं सुनीत, त्यांचंच. मोडणारे सगळे बांधणारेही होते, हे पुस्तकं उघडली की दिसतं. ती उघडून मग लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.

आजच्या कवींची नावं का नाहीत, वाचायला का सांगितलं नाही, वगैरे. तो लेख लिहायला बसण्याबद्दल होता. वाचनाचा विषय निराळा, त्यावर इथे वाद घालण्यात अर्थ नाही.

काहींनी मला खासगीत सुचवलं की तुमची प्रतिक्रिया काढून टाकावी. काढणार नाही. तुम्ही नवशिक्यांच्या काळजीने लिहिलंत असं मी धरून चालते, जरी तुमच्या भाषेत ती काळजी मला सापडली नाही. एक विनंती आहे. त्या मुलीने तुमची प्रतिक्रिया वाचली आहे. काल संध्याकाळी येऊन तिने विचारलं, ‘काकू, मग मोजायचं नाय काय?’ मी तिला मोज म्हटलं. तुम्हाला तिला वेगळं काही सांगायचं असेल तर खाली लिहा, पण तिच्या चार चरणांबद्दल लिहा, आणि नाव घालून लिहा.