‘एसीत बसून लिहिणं सोपं असतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ज्वलनशील सॉल्व्हंट (थिनरसारखं विरघळवणारं रसायन) सांडलं तर काय करावं, या माझ्या लेखावर काल एक निनावी प्रतिक्रिया आली. सांडलेलं पाण्याच्या धारेने धुऊ नका, माणसं दूर करा, असं मी त्यात लिहिलं होतं. लांबलचक आहे. थोडक्यात तक्रारी अशा : टोल्युईन या सॉल्व्हंटचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याची वाफ पेटू शकते तो आकडा) मी चुकीचा दिला, अर्धा लिटर सांडलं तरी शेड रिकामी करायची का, आणि शेवटी हे वाक्य : ‘आम्ही वीस वर्षं पाणी मारून धुतोय, काही झालं नाही. एसीत बसून लिहिणं सोपं असतं.’

पहिली चूक कबूल. 4 अंश सेल्सिअस हवं होतं, 14 पडलं. दुरुस्त केलंय. (तुमच्या शेडमध्ये दोन्हींपेक्षा गरमच असणार, म्हणजे वाफ पेटायला तयारच. पण चूक ती चूक.)

आता ते एसीचं. मतभेद असावेत, पण समोरच्याने कधी ड्रमला हात लावला की नाही हे न विचारताच त्याला खुर्चीत बसवून मोकळं व्हायचं, ही कुठली पद्धत? मी सतरा वर्षं सॉल्व्हंटच्या गोदामात काढली. कपड्यांना येणारा तो गोडसर वास घरच्यांना पाठ होता.

आणि पाणी मारण्याबद्दल मला तुम्ही सांगूच नका. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्रपाळीत फोर्कलिफ्टचा दात टोल्युईनच्या ड्रममध्ये घुसला. सगळे ओरडले, ‘धुऊन टाका!’ नळी माझ्याच हातात होती. टोल्युईन पाण्यात मिसळत नाही, पाण्यापेक्षा हलकं असतं, तरंगतं. मी जोरात धार मारली आणि सगळं गटारात लोटलं. फरशी लख्ख. पलीकडे गटाराच्या झाकणाजवळ एक जण ग्राइंडर चालवत होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्वाळा गटारातून उलटी फिरून आमच्यापर्यंत आली. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. मला एक ओरखडासुद्धा नाही. ‘काही झालं नाही’ असं मीसुद्धा म्हणू शकतो, साहेब. माझ्या बाजूला खरंच काही झालं नव्हतं.

जळतं ते द्रव नव्हे, वाफ. टोल्युईनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते, जमिनीलगत सरकते, खड्ड्यात, केबलच्या चरात साचते. हवेत सव्वा टक्क्याच्या आतबाहेर भरली की ठिणगीची वाट बघते. म्हणून वाऱ्याच्या वरच्या बाजूला जा, इतरांना दूर करा, बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, असं लिहिलं होतं. ब्रिटनमधल्या बन्सफील्डला 2005 साली टाकी भरून पेट्रोल ओसंडलं, त्याचा पांढुरका ढग जमिनीलगत पसरला आणि मग स्फोट झाला. तिथेही आधी ‘काही झालं नव्हतं’च.

फवारा वेगळा, धार वेगळी. शेजारचे ड्रम थंड ठेवायला, वाफ दाबायला अग्निशमनवाले फवारा वापरतात, ते मी नाकारलेलं नाही. ‘ॲसिटोनसारखं सॉल्व्हंट तर पाण्यात विरघळतं’ असं कुणी म्हणण्याआधीच सांगतो : पाणी मिसळलेलं ॲसिटोनही पेटतं, आणि त्याच्या आगीवर आग विझवायचा साधा फोम (फेस) टिकत नाही, अल्कोहोलला टिकणारा लागतो.

अर्ध्या लिटरचं म्हणाल तर मला फाटे फोडायला वेळ नाही. लेख लिहिताना ड्रम आणि टँकर डोळ्यांसमोर होते, हे न सांगताही कळायला हरकत नव्हती. कोरडी वाळू टाका, ठिणगी न पडणाऱ्या फावड्याने भरा, झाकणाच्या डब्यात ठेवा. झालं.

बाकीच्या चार ओळींना उत्तर देत नाही, त्या कशावर आहेत तेच कळलं नाही.

आणि हो, माझ्या खोलीत एसी नाही. पंखा आहे, तोही आवाज करतो.