'इन' लागलं की अर्थ उलटा होतोच असं नाही

सांगली-मिरजेकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: इंग्रजी शब्दाआधी 'इन' आलं की अर्थ उलटा, म्हणून 'फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारं आणि 'इनफ्लेमेबल' म्हणजे पेट न घेणारं. परवा मीही तो दोन ग्रुपवर पाठवला होता. तो चुकीचा आहे.

दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पटकन पेट घेणारं. 'इनकरेक्ट'मधलं 'इन' नकाराचं आहे, हे खरं. पण 'इनफ्लेमेबल' आलाय लॅटिनमधल्या 'पेटवणे' या अर्थाच्या क्रियापदावरून, आणि तिथलं 'इन' म्हणजे 'आत'. कुठलाही चांगला शब्दकोश उघडा, हेच सापडेल. या घोळातून जीव जाऊ शकतो, म्हणूनच अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं १९२० च्या दशकात 'फ्लेमेबल' हाच शब्द वापरा, असा आग्रह धरला. न पेटणाऱ्यासाठी शब्द आहे 'नॉनफ्लेमेबल'.

चूक लक्षात आली ती घरात रंगकाम चालू असताना. थिनरच्या डब्यावर 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेलं, शेजारी ज्वाळेचं चित्र, आणि डबा गॅसच्या शेगडीपासून दोन हातांवर. आधी तो उचलून बाहेर ठेवला, मग शब्दकोश काढला.

'इनव्हॅल्युएबल'चंही तसंच. त्याचा अर्थ कवडीमोल नव्हे, अनमोल. तिथं 'इन' नकाराचंच आहे, पण नाकारलंय ते मोल करता येणं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा, आणि घरातल्या मुलांना तर आजच सांगा.