सोडा ब्रेडचा दगड का झाला?

ताई, यीस्टऐवजी खायच्या सोड्यावर फुलणाऱ्या आयरिश सोडा ब्रेडच्या माझ्या रेसिपीवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ब्रेड दगडासारखा झाला, त्याला साबणाचा वास आला आणि अंडं-मनुकांशिवायचा हा प्रकार मी ‘अस्सल आयरिश’ म्हणून लोकांच्या गळ्यात मारते, असं तुमचं म्हणणं. पहिल्या दोन तक्रारींत थोडी चूक माझीही आहे. तिसरी मान्य नाही.

आधी वासाचं. ताक नव्हतं म्हणून दूध घातलं, असं तुम्हीच लिहिलंय. घोळ तिथेच झाला. खायच्या सोड्याला आंबट काहीतरी लागतंच. ताकातल्या आम्लाशी गाठ पडली की वायू सुटतो आणि पीठ फुलतं. नुसत्या दुधात तो बराचसा तसाच राहतो आणि ओव्हनमध्ये तापून त्याचा चक्क धुण्याचा सोडा होतो. मग साबणाचा वास येणारच! पुन्हा ताक नसेल तर दुधात लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवा. आता माझी चूक: मी नुसतं ‘ताक’ लिहिलं. इथे आयर्लंडमध्ये, कॉर्कला, पिशवीतलं ताक चांगलं दाट असतं, आपलं जेवणानंतरचं पाणीदार ताक नव्हे. दह्यात जेमतेम पाणी घालून घुसळा. 450 ग्रॅम मैद्याला 350 ते 400 मिली पुरतं.

आता दगडाचं. तुम्ही पीठ ‘छान दहा मिनिटं मळून’ अर्धा तास झाकून ठेवलंत. कणीक तिंबायची सवय आपल्या हातात मुरलेली, पण इथे तीच नडते: जास्त मळलं की हा ब्रेड घट्ट होतो. आयर्लंडच्या थंड, दमट हवेतला गहू मऊ, चिवटपणा कमी. यीस्टच्या ब्रेडला तो फारसा साथ देत नाही. एकोणिसाव्या शतकात सोडा हाताशी आला आणि या गव्हाशी त्याचं जमलं. घरोघरी ओव्हन कुठला? बॅस्टिबल नावाचं जाड लोखंडी भांडं टर्फच्या (दलदलीतून कापून वाळवलेल्या, जळणाच्या मातीच्या) विस्तवावर ठेवायचं, झाकणावरही निखारे. आपल्याकडे खाली-वर निखारे ठेवून नानकटाई भाजत, तसंच.

माझ्या शेजारच्या आजी बोटं फाकवून पंजा गोल फिरवतात, बस्स. मी ताकाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवून वळेपर्यंत त्यांचा गोळा परातीवर आलेला असतो. वर सुरीने खोल फुली मारतात, पऱ्या बाहेर जाव्यात म्हणून! (मधला भाग कच्चा राहू नये, हे खरं कारण त्यांनाही ठाऊक आहे.) ताक पडल्या क्षणापासून वायू सुटायला लागतो, तुमच्या त्या अर्ध्या तासात तो बराचसा उडून गेला.

मनुका इथेही घालतात, पण त्या ब्रेडला ‘स्पॉटेड डॉग’ असं वेगळं नाव आहे. अंडं, लोणी, भरपूर साखर हा थाट मुख्यतः अमेरिकेतला. चहाबरोबर छान लागतो, जरूर करा. पण रोजचा सोडा ब्रेड म्हणजे मैदा, मीठ, सोडा, ताक. गुळपोळी कितीही आवडली तरी वांग्याच्या भाजीबरोबर आपण ती वाढत नाही ना?

230 अंशांवर 15 मिनिटं, मग 200 वर साधारण अर्धा तास. तळाला टिचकी मारल्यावर पोकळ वाजला की झाला. भाकरीसारखा त्याच दिवशी संपवा. उरलाच तर सकाळी भाजून लोण्याबरोबर.

मूळ रेसिपीत ‘दाट ताक’ अशी दुरुस्ती आत्ताच केली आहे.