हाकललं ते राजाने!
'ग्रँड कौन्सिलने (म्हणजे इटलीच्या फॅसिस्ट पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने) मुसोलिनीला हाकललं' हे लेखातलं वाक्य खटकलं. २५ जुलै १९४३ च्या पहाटे कौन्सिलचा सदस्य ग्रांदी याचा ठराव १९ विरुद्ध ८ ने पास झाला खरा, पण त्यात इटलीच्या राजाने सैन्याची सूत्रं परत हातात घ्यावीत असं होतं, हकालपट्टीचं नावसुद्धा नव्हतं. हाकललं राजाने, त्याच दिवशी संध्याकाळी, मुसोलिनी त्याला भेटून बाहेर पडला आणि सरळ ॲम्ब्युलन्समध्ये घालून नेला!

आणि कौन्सिलचं एवढं कौतुक कशाला? डिसेंबर १९३९ नंतर बैठकच नाही, युद्धात उतरताना कोणी विचारलं नाही तरी सगळे गप्प, सिसिलीत शत्रू उतरल्यावर कंठ फुटला. आमच्या सोसायटीची कमिटी अशीच, लिफ्ट पडल्यावर जागी झाली. फक्त इथे कौन्सिलमधल्या चिआनोला, मुसोलिनीच्या जावयाला, ठरावाच्या बाजूने दिलेल्या त्या एका मतापायी व्हेरोनात खुर्चीला पाठमोरं बांधून गोळ्या घातल्या.