झेंडू आणि रात्रपाळी

यंदा दसऱ्याचं तोरण घरच्या झेंडूचं, असं मी जुलैच्या शेवटी जाहीर केलं, तेव्हा बायको फक्त "बरं" म्हणाली. आमच्याकडे 'बरं'चे सतरा अर्थ आहेत आणि त्यातला एकही बरा नाही.

तळमजल्याच्या फ्लॅटचा एकमेव फायदा म्हणजे मागची बारा बाय आठ फुटांची जमीन. (तोट्यांचं विचारू नका. वरच्या मजल्यांवरून काय काय पडतं यावर वेगळा लेख होईल.) नर्सरीतून चोवीस रोपं आणली. "झेंडूला कीड लागत नाही, उलट वासानं किडे पळतात," असं नर्सरीवाला म्हणाला. पैसे देताना माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

भिंतीपलीकडे बंगला आहे, त्यातले काका बँकेतून निवृत्त झालेले. अगदी गोगलगाय माणूस. गेल्या दिवाळीत त्यांनी फाटकाला निळा ऑइलपेंट दिला आणि उरलेल्या रंगात पत्रपेटी, कुंड्या, नळाची तोटी, इतकंच काय खुरप्याची मूठसुद्धा रंगवली. रोपं लावताना भिंतीवरून डोकावून म्हणाले, "वा! झेंडू! छान. आमच्याकडे काही टिकत नाही बुवा." तेव्हाच विचारायला हवं होतं, का टिकत नाही?

गणपती गेले आणि पहिली सहा फुलं उमलली. सकाळी चहाचा कप घेऊन मागे गेलो तर चार फुलांच्या जागी नुसत्या हिरव्या वाट्या. पाकळ्या साफ. पाचवं फूल अर्धं खाल्लेलं, जेवताना कुणाचा तरी फोन आला आणि पान तसंच टाकून उठावं तसं.

पहिला संशय अर्थातच माणसांवर. पहाटे साडेपाचला हातात पिशवी आणि ओठांवर अथर्वशीर्ष असलेली काही मंडळी आमच्या गल्लीतून जातात. त्यांच्यासाठी कुंपण ही एक संकल्पना आहे. पण ती मंडळी फूल देवाला वाहतात, तिथल्या तिथे अर्धं खात नाहीत. निर्दोष सुटली.

दुसरा आरोपी दिवसाढवळ्या सापडला. काळ्या अंगावर नारिंगी पट्टे मिरवणारा एक देखणा भुंगेरा कुंपणावरच्या जास्वंदीच्या फुलात बसून पाकळी खात होता, मला बघूनही हलला नाही. मी तो बोटांनी उचलला. संध्याकाळपर्यंत बोटावर टरटरून फोड. इंग्रजीत त्याला ब्लिस्टर बीटल म्हणतात हे कळलं, तेव्हा बोट बर्फात होतं. त्याची पिल्लं जमिनीत नाकतोड्यांची अंडी फस्त करतात, असंही वाचलं. म्हणजे बालपणी समाजसेवा आणि मोठेपणी उपद्रव. तो झेंडूकडे फिरकताना काही दिसला नाही, त्यामुळे त्यालाही सोडलं. फुंकर घालत.

मग एका कळीत भोक पाडून बसलेली हिरवी अळी मिळाली. फोटो लातूरच्या आत्तेभावाला पाठवला. त्याचा लगेच फोन. "दादा, ही घाटेअळी. आमी टमाट्याच्या कडंनं झेंडू लावताव ते हिच्यासाठीच की! ती झेंडूवर जाती, टमाटे वाचतेत." याला म्हणे सापळा पीक म्हणतात. म्हणजे टोमॅटोचा एक रोपटाही नसताना मी चोवीस सापळे लावून, शेणखत घालून, रोज पाणी देऊन पाहुण्यांची वाट बघत होतो.

एका लिटर पाण्याला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, असं मिश्रण फवारलं. अळ्या गेल्या. बायकोनं दोन दिवस मागचं दार उघडलं नाही. फुलं मात्र जायची ती जातच राहिली, फक्त आता सकाळी पानांवर आणि फरशीवर एक चकचकीत ओघळ दिसायला लागला, कुणीतरी रात्री डिंकाचा ब्रश ओढत नेल्यासारखा.

रात्री अकराला टॉर्च घेऊन बाहेर पडलो. आधी काही दिसेना. मग आवाज आला. खरंच सांगतो, आवाज. ओल्या कागदावर कुणी सावकाश खरखरीत काहीतरी घासावं तसा. उजेड वळवला तर झेंडूच्या फुलावर, फूल वाकेल इतक्या वजनाची, मुठीएवढ्या शंखाची एक गोगलगाय आडवी झाली होती. दोन शिंगांच्या टोकांवरचे डोळे माझ्याकडे वळले, जरा आत गेले, परत बाहेर आले, आणि जेवण पुढे सुरू. शेजारच्या झाडावर दुसरी. खाली तीन. भिंतीवर एक ओळच. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण ज्यानं काढली, त्याच्या दारात नक्की झेंडू असणार.

ही शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. 1847 साली शंखशिंपल्यांचा नाद असलेल्या विल्यम बेन्सन नावाच्या साहेबानं ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली. साहेब गेले, साहेबांची सत्ताही गेली, पाहुणी राहिली. जिभेवर हजारो बारीक दात. प्रत्येकीत नर आणि मादी दोन्ही, त्यामुळे स्थळ बघण्याचा त्रास नाही, कुणीही भेटलं तरी जमतं. एका वेळी शंभराच्या वर अंडी. ती मी मातीत खुरपं घातल्यावर पाहिली. हुबेहूब साबुदाणा. येत्या चतुर्थीला खिचडी नको, असं मी घरात सांगितलं आणि कारण विचारल्यावर सांगितलं नाही.

पुन्हा लातूर. 2022 च्या पावसाळ्यात याच गोगलगायींनी तिकडचं कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं. "चोवीस झाडांपायी काय रडायलास दादा? आमी दोनदा पेरलं तवा." मग उपाय सांगितला. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी टाकायचं, सकाळी त्याखाली जमलेली मंडळी चिमट्यानं उचलायची आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायची. उघड्या हातानं शिवायचं नाही, कारण मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक कृमी त्यांच्या अंगात असू शकतो. आणि मीठ वाफ्यात टाकायचं नाही, गोगलगायीआधी झेंडू मरतो.

गूळ अर्धा किलो गेला. पहिल्या सकाळी एकेचाळीस मिळाल्या. बादली समोर, मिठाचा पुडा हातात, आणि एकेचाळीस जोड डोळे देठांवर येऊन माझ्याकडे बघतायत. माझ्यानं काही पुडा फुटेना. आजूबाजूला कुणी नाही हे बघून मी सगळ्या बादलीसकट भिंतीपलीकडे रिकाम्या केल्या. हळूच. काका दुपारी झोपतात.

हे पाच दिवस चाललं. आकडा कमी होईना, तेव्हा शंका आली की त्याच परत येतायत. मुलीची गुलाबी नेलपॉलिश घेतली आणि प्रत्येक शंखावर एक ठिपका देऊन त्यांना निरोप दिला. तिसऱ्या दिवशी गोणपाटाखाली नऊ गुलाबी ठिपके. मला राग यायला हवा होता, पण ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

दसरा चार दिवसांवर आला. चोवीस झाडांवर मिळून अकरा फुलं. गोणपाट उचललं, मोजायला लागलो. गुलाबी, बिनठिपक्याची, बिनठिपक्याची, गुलाबी, निळी.

निळी?

चष्मा लावून पाहिलं. शंखावर मधोमध नीटनेटका, ऑइलपेंटचा, पूर्ण वाळलेला ठिपका. पुढे अशाच आणखी सात. मी बायकोला हाक मारली. तिनं ठिपका पाहिला, मग भिंतीवरून दिसणारी काकांची नळाची तोटी पाहिली. "अगदी गोगलगाय माणूस, नाही का?" म्हणाली आणि आत गेली.

त्या रात्री अकराला मी दिवा न लावता भिंतीपाशी उभा राहिलो. पाच मिनिटांत पलीकडून सपातांचा आवाज. मग भिंतीच्या कडेवर एक बादली आली. निळ्या कडीची. तिच्यामागून काकांचं डोकं. मी टॉर्च लावला.

बराच वेळ कुणी बोललं नाही. बादलीतली एकजण काठावर चढून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिच्या पाठीवर निळा ठिपका होता आणि त्याच्या शेजारी गुलाबी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जून," काका म्हणाले. "तरी म्हटलं, हा गुलाबी रंग कुठला?" त्यांनी बादली स्वतःच्या बाजूला उतरवून ठेवली, कपाळ पुसलं. "इकडेच या. चहा टाकतो. आणि येताना तेवढा मिठाचा पुडा आणा, एकट्याला काही जमत नाही हो ते."