तोंड वाकडं झालंय? घाई कशाला, आधी चहा टाका

सकाळी सकाळी तात्यांचं तोंड एका बाजूला गेलं, हातातला तांब्या पडला, बोलायला गेले तर जीभ लडबडायला लागली? घाबरायचं नाही भावा. काल पांढरा रस्सा जरा जास्तच झालेला, त्यात जागरण. पांघरूण घालून झोपव, एक झोप झाली की उतरतंय.

नाही उतरलं तर गल्लीत सांग, वारं गेलंय (म्हणजे लकवा, डॉक्टर त्याला स्ट्रोक म्हणतात) म्हणून. मग बघ कशी मदत येते, एकजण लिंबूपाणी पाजतोय (गिळता येईना, पाणी छातीत जाईल, पण पाजायचंच), दुसरा तेल चोळतोय, तिसरा कबुतराच्या रक्ताचा पत्ता सांगतोय, आणि एकजण रक्त पातळ करायची गोळी घेऊन आलाय. आता मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय का नस फुटलीय हे सीटी स्कॅनशिवाय मोठमोठ्या डॉक्टरांनाही ठरवता येत नाही, पण आपल्या पेठेला नुसतं बघून कळतंय.

१०८ ला फोन? छे, दारात अ‍ॅम्ब्युलन्स बरी दिसत नाही. इचलकरंजीचे मामा गाडी घेऊन निघालेत की. मिनिटाला मेंदूतल्या १९ लाख पेशी मरतात म्हणे, म्हणजे मामा येईपर्यंत तासाभरात अकरा कोटींच्या वर गेल्या, पण मामांशिवाय निर्णय घ्यायचा म्हणजे पाहुण्यांत तोंड दाखवायला जागा उरंल का?

दवाखाना ओळखीचाच गाठायचा. तिथं स्कॅन नाही, कॅथलॅब (नसेत नळी घालून इलाज करायची खोली) नाही, पण सलाईन लई भारी लावतात. दोन सलाईन जिरल्या की मग मोठ्या हॉस्पिटलात जा. तिथला डॉक्टर पहिलं विचारणार, पेशंट शेवटचा धडधाकट कधी बघितला? कारण घड्याळ तिथनं धरतात, तुला जाग आली तिथनं नाही. इथं एकमत होऊ द्यायचं नाही. वहिनी म्हणतील रात्री जेवताना, पोरगं म्हणेल पहाटे पाच वाजता मोबाईल बघत होते, तू म्हण आत्ताच झालंय. गाठ विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तास असतात, ते या चर्चेत आरामात निघतात.

मग ते सांगतील मोठी नस बंद आहे, जांघेतनं नळी घालून मेंदूपर्यंत न्यायची, जाळी उघडून गाठ धरायची आणि ओढून काढायची, नाहीतर पंपानं खेचायची. तुंबलेली मोरी तार घालून मोकळी करतो तसलाच प्रकार. २०१५ साली एकामागोमाग पाच ट्रायल छापून आल्या, असल्या पेशंटला नुसत्या औषधापेक्षा गाठ काढलेली बरी, जास्त लोक आपल्या पायावर चालत घरी जातात म्हणून. तू मात्र तिथंच अडव. झटका डोक्यात आणि भोक मांडीला? बनवतायत आपल्याला!

डॉक्टर घाईला आला तर मोबाईल काढून दाखव, चोवीस तासांपर्यंत नळीनं गाठ काढता येते असं लिहिलंय की. स्कॅनमध्ये वाचवण्यासारखा मेंदू शिल्लक दिसला तरच, हे त्याच्या खालच्या ओळीत आहे, तेवढं स्क्रोल करू नकोस.

एवढ्यात मामा पोचले. फॉर्म हातात घेतला, चष्मा शोधला, सगळा वाचला आणि म्हणाले पुण्याच्या जावयाला विचारू, तो कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. फोन लावला, तर तो मिटींगमध्ये. जेवणाच्या सुट्टीत करतो म्हणालाय, तोवर सही राहू दे.