कोण कोणाचा मामा

मनूचा पहिला दात बुधवारी सकाळी ७.०५ला पडला. खाली स्कूलबसवाले काका हॉर्नवर हात ठेवून बसले होते, मी डब्यात भेंडी भरत होते, आणि दात दुधात न बुडवलेल्या टोस्टमध्ये रुतून बाहेर आला. खालचा, मधला. मनूने तो तळहातावर घेतला, आरशात खिंडार पाहून आली आणि म्हणाली, "आता काय करायचं?"

अशा वेळी विचार करायला सवड नसते. आपल्या तोंडून आपली आई बोलते. "कौलांवर टाकायचा. उंदीरमामा, उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे, असं म्हणायचं. मामा जुना नेतो, नवा देतो."

"कौलं म्हणजे?"

आम्ही सिंहगड रस्त्यावर चौथ्या मजल्यावर राहतो. आमच्या डोक्यावर कौलं नाहीत, पाचव्या मजल्यावरचे लोक आहेत. संध्याकाळी गच्चीची किल्ली मागायला सेक्रेटरींकडे गेले. "कारण?" म्हणाले. दात टाकायचाय म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "गच्चीवर काहीही टाकायचं नाही. सोलरची पॅनेलं आहेत." शेवटी दात वॉचमनच्या केबिनच्या पत्र्यावर टाकला. वॉचमनदादा आवाज ऐकून बाहेर आले, प्रकरण समजून घेतलं आणि अजिबात न हसता म्हणाले, "रात्रपाळीला मीच आहे. लक्ष ठेवतो."

सासूबाई समाधान पावल्या. त्या देवरूखकडच्या. त्यांच्या लहानपणी कौलं होती, उंदीर होते, पडायला दात होते, सगळं जागच्या जागी. उंदरालाच का द्यायचा, हा मनूचा पुढचा प्रश्न. पण याचं उत्तर खरंच आहे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. सारखं काहीतरी कुरतडून ते झिजवले नाहीत तर त्याला तोंड मिटता यायचं नाही. मागणी नोंदवायची तर जिथे पुरवठा अखंड आहे तिथेच नोंदवावी. पूर्वजांचा हिशेब चोख होता.

घोटाळा गुरुवारी झाला. मनूच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचाही दात पडला होता. तिच्याकडे कौलांचा प्रश्न आलाच नाही, कारण तिच्याकडे टूथ फेअरी येते. दात उशीखाली ठेवायचा, सकाळी त्या जागी २०० रुपये.

"आपला मामा किती देतो?"

"मामा दात देतो."

"तो तर तिलापण येणारच आहे. पैसे किती?"

दुधाचे दात २०. दर २००. म्हणजे बारा वर्षांची होईपर्यंत ४,००० रुपये, महागाई धरली नाही तर. सासूबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "दात द्यायचा आणि वर पैसे घ्यायचे? अगं, भंगारवालासुद्धा वजन करून घेतो."

रात्री मी मोबाइल घेऊन शत्रूची माहिती काढायला बसले. आणि सांगते, ही फेअरी काही फार प्राचीन बाई नाही. १९०८ साली शिकागोच्या एका वर्तमानपत्रात घरगुती सूचनांमध्ये तिचा उल्लेख सापडतो. सूचना अशी, की हट्टी पोर हलता दात काढू देत नसेल तर त्याला परीबद्दल सांगावं, म्हणजे ते काढू देतं; आणि आयांनी पाच सेंटच्या काउंटरवरून छोट्या छोट्या वस्तू आणून घरात साठा करून ठेवावा. म्हणजे परी मिरवणार आणि खरेदीला आई जाणार. ११८ वर्षांपूर्वीच सगळं छापून मोकळे झालेत लोक.

मग मला स्पेन सापडलं आणि मी पलंगावर उठून बसले. तिथे उंदीर आहे! राजा तेरावा अल्फोन्सो आठ वर्षांचा असताना त्याचा दात पडला, तेव्हा लुईस कोलोमा नावाच्या पाद्र्याने त्याच्यासाठी उंदराची गोष्ट लिहिली. तो उंदीर माद्रिदमध्ये बिस्किटांच्या डब्यात राहतो, आणि त्या रस्त्यावर आता त्याच्या नावाची पाटीसुद्धा आहे. सकाळी मी विजयी मुद्रेने मनूला सांगितलं, "बघ, स्पेनच्या राजाकडेपण उंदीरच येतो."

"तो काय देतो?"

पुढचं मी वाचलंच नव्हतं. वाचलं. तो उशीखाली पैसे किंवा खाऊ ठेवतो. माझाच मामा झाला.

आता कोणी विचारेल, कशाला हवी ही सगळी पात्रं? सरळ सांगावं ना, दुधाचा दात आहे, पडतो, नवा येतो. सांगून बघा. सकाळी ७.०५ला. खरी गोष्ट अशी, की घरात आपलं कोणी ऐकत नाही. म्हणून ऑफिसात जसं "वरून ऑर्डर आहे" म्हणतात, तसं आपण वरचा कोणीतरी उभा करतो. आपण फक्त निरोपे. हा घास काऊचा, हा घास चिऊचा, असं म्हणत मी मनूला दोन वर्षं वरणभात भरवला तो याच तत्त्वावर. फरक एवढाच, की आमच्या खिडकीत चिऊही नाही आणि काऊही नाही. जाळीबाहेर फक्त कबुतरं. मनू दोन वर्षांची असताना बोट दाखवून म्हणाली होती, "हा घास घू-घूचा." तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

बागुलबुवा तर आमच्याकडे उभाच राहू शकला नाही. सासूबाईंनी पहिल्याच रात्री आणला होता. "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल." त्यांच्या गावी त्याला काही करावंच लागायचं नाही. अंधार सगळं बघून घ्यायचा. आमच्याकडे अंधार कुठला? राउटरचा हिरवा दिवा, चार्जरचा लाल, एसीचा निळा. मनूने शांतपणे विचारलं, "तो गेटवर आला तर ॲपवर अप्रूव्ह कोण करणार? आई की बाबा?" सासूबाईंनी बुवाला त्याच रात्री परत पाठवलं. पोलीसकाकांचंही तसंच. आम्ही त्यांचा धाक घातला आणि दुसऱ्या दिवशी सिग्नलला त्यांनीच मनूला हात हलवून टाटा केला.

आणि मोठ्यांचं तरी काय? २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो म्हणून अख्खा देश चमचे घेऊन देवळांपुढे उभा होता. माझे बाबा बँकेत होते. सही जुळली नाही तर सख्ख्या भावाचा चेक परत करणारा माणूस. ते अर्धी रजा टाकून दोन तास रांगेत उभे राहिले. शास्त्रज्ञांनी पृष्ठताण की काय ते समजावून सांगितलं, बाबांनी ते वर्तमानपत्रात मन लावून वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. पण माझ्या चमच्यातलं घेतलं."

असो. शनिवारी सकाळी ओट्याखाली लेंड्या दिसल्या. बटाट्यांची टोपली कुरतडलेली. मी किंचाळले, "उंदीर!" आतून मनू धावत आली आणि माझ्याहून मोठ्याने ओरडली, "मामा!" तिचा चेहरा असा काही उजळला होता की काय सांगू. चौथा मजला शोधत आला होता बिचारा, पत्त्याशिवाय.

आता आली का पंचाईत? ज्या तोंडाने त्याला मामा म्हटलं त्याच तोंडाने नवऱ्याला पिंजरा आण म्हणून सांगायचं. शेजाऱ्यांकडून पिंजरा आणला तो पिशवीत घालून, वर कोथिंबीर ठेवून. मनू झोपल्यावर सासूबाईंनी आमिषासाठी दोन कांदाभजी तळली. उंदराला गार भजी चालत नाहीत असं त्यांचं ठाम मत आहे. एक आकड्याला लावलं. दुसरं नवऱ्याने खाल्लं.

रात्री पाऊणच्या सुमारास खट् आवाज झाला. आम्ही दोघं उठून स्वयंपाकघरात गेलो तर दिवा आधीच चालू होता. मनू पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसली होती. तोंड वासून, ओठ बोटाने खाली ओढून ती त्याला जागा दाखवत होती. "हा इथे. खालचा. नीट बघ." उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बघत होता. नीटच बघत असावा.

मग ती आमच्याकडे वळली. "मामाला कोणी पकडलं?"

खराट्याच्या एका फटक्यात उंदीर आडवा करणाऱ्या माझ्या सासूबाई दारातून म्हणाल्या, "पकडलं कुठे? पाहुणा आहे, रात्री कुठे हरवू नये म्हणून खोलीत ठेवलाय. तुझे आईबाबा त्याला आता सोडून येणार आहेत." आणि जाऊन झोपल्या.

म्हणून रात्री एक वाजता मी स्कूटरवर नवऱ्याच्या मागे, मांडीवर पिंजरा घेऊन. गेटवर वॉचमनदादांनी रजिस्टर पुढे केलं. "एवढ्या रात्री कुठे?"

"मामाला सोडायला," नवरा म्हणाला.

"स्टेशनला का?"

"नाही, नदीकडे."

त्यांनी वाकून पिंजरा बघितला, पत्र्याकडे एक नजर टाकली आणि मान डोलावली. नदीकाठच्या मोकळ्या जागेत दार उघडलं तर मामा निघायला तयार नाही. भजं संपायचं होतं.

सोमवारी मनूच्या हिरडीत पांढरी कड दिसली. तिने ती शाळेत सगळ्यांना दाखवली, २०० रुपयेवालीलासुद्धा. त्या मैत्रिणीच्या जागी अजून काही नव्हतं. संध्याकाळी तिच्या आईचा मला मेसेज आला, "तुमच्याकडे उंदीर खरंच येतो का? इकडे विचारणा चालू आहे." काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही.

काल रात्री फ्रिजमागे पुन्हा खुडबुड ऐकू आली. अंथरुणातून मनू म्हणाली, "आई, दुसरा दात हलतोय. त्याला कसं कळलं गं?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो आईच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन हळूच म्हणाला, "आई, या खेपेला चार तळ."